क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिलचा संसर्ग दुसऱ्यांदा उलटला आहे : व्हॅन्कोमायसिनचा उतरता कोर्स घ्यावा की फिडॅक्सोमायसिन?

अंबाझरीकाठ

नमस्कार. माझे वडील ७१ वर्षांचे आहेत, त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे आणि आम्ही नागपुरात राहतो. डिसेंबरच्या अखेरीस न्यूमोनिया झाल्यामुळे त्यांना एका खाजगी रुग्णालयात भरती करावे लागले. तेथे सात दिवस सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या प्रतिजैविकाची इंजेक्शने दिली गेली आणि घरी सोडताना आणखी पाच दिवसांच्या सेफिक्झिमच्या गोळ्या लिहून दिल्या. छाती पूर्ण बरी झाली, मात्र घरी आल्यानंतर नवव्या दिवशी जुलाब सुरू झाले. दिवसाला आठ-दहा वेळा, अगदी पाण्यासारखे, आणि पोटात सतत मुरडा. जवळच्या दवाखान्यातून ओफ्लॉक्सासिन व ऑर्निडाझोल एकत्र असलेल्या गोळ्या आणल्या. चार दिवसांत त्रास कमी होण्याऐवजी वाढला. अखेर रामदासपेठेतील एका पोटविकारतज्ज्ञांनी शौचाचा नमुना तपासायला सांगितला आणि क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या आतड्यात वाढणाऱ्या जंतूचे टॉक्सिन म्हणजे विष सापडले.

प्रथम मेट्रोनिडाझोल दहा दिवस दिले, जुलाब थांबले आणि तेराव्या दिवशी आजार उलटला. मग व्हॅन्कोमायसिन १२५ मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा, दहा दिवस. तिसऱ्याच दिवशी शौच बांधून येऊ लागले, भूकही परतली. औषध संपल्यावर अठरा दिवस बरे गेले आणि गेल्या बुधवारपासून पुन्हा तेच. मी एका वहीत रोजच्या जुलाबांच्या रेघा मारून ठेवते; मधली सगळी कोरी पाने उलटून पुन्हा रेघा मारायला घेतल्या तेव्हा हात थांबला. त्यांचे वजन ६४ किलोवरून ५७ वर आले आहे.

तज्ज्ञांनी व्हॅन्कोमायसिन पुन्हा सुरू केले आहे आणि पुढचे दोन मार्ग समोर ठेवले आहेत : हेच औषध हळूहळू कमी करत सहा-आठ आठवडे चालू ठेवायचे, किंवा फिडॅक्सोमायसिनवर जायचे, ज्याचा खर्च आमच्यासाठी फार मोठा आहे. सोमवारपर्यंत आम्हाला कळवायचे आहे. जंतू व्हॅन्कोमायसिनला दाद देईनासा झाला आहे का, आणि तसे असेल तर तेच औषध लांबवून काय साधणार, हे मला समजून घ्यायचे आहे. दोन औषधांत खरा फरक कोणता, तेही कोणी नीट सांगितले तर उपकार होतील.

पळसफूल

ताई, मी एका वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त आहे. तुमच्या वडिलांना मी तपासलेले नाही, तेव्हा निर्णय तुमच्या तज्ज्ञांचाच राहील. तो निर्णय ज्या गोष्टींवर घ्यायचा त्या मात्र मला सांगता येतील.

आजार उलटला म्हणजे जंतू औषधाला दाद देईनासा झाला, असे या संसर्गात सहसा नसते. तिसऱ्या दिवशी शौच बांधून आले, याचाच अर्थ व्हॅन्कोमायसिन लागू पडले. अडचण अशी की हा जंतू प्रतिकूल काळात बीजाणूंचे रूप घेऊन बसतो आणि बीजाणूंवर कोणतेही प्रतिजैविक चालत नाही. शेतातले उभे तण काढले तरी जमिनीत पडलेले त्याचे बी तसेच राहते, आणि शेत रिकामे असेल तर पहिल्या पावसाला तेच आधी उगवते. निरोगी मोठ्या आतड्यात हे शेत रिकामे नसते. तेथील इतर जिवाणू पित्तातील आम्लांचे असे रूपांतर करतात की त्यामुळे या जंतूची वाढ रोखली जाते. ते जिवाणू प्रतिजैविकांनी मारले गेले की रूपांतर थांबते आणि मूळ स्वरूपातील पित्ताम्ले बीजाणूंना उगवण्याचा इशारा देतात. वडिलांच्या आतड्यावर आधी सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन व सेफिक्झिम आणि त्यानंतर ओफ्लॉक्सासिन, असे एकामागून एक आघात झाले आहेत. जुलाब लागले की दुकानातून ती जोडगोळी आणून घ्यायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, परंतु ओफ्लॉक्सासिन ज्या गटातले आहे तो गट हा संसर्ग ओढवून आणणाऱ्या प्रमुख औषधांपैकी आहे. याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. तपासणीआधी हे कोणालाच कळले नसते.

म्हणून या औषधांची तुलना करताना 'जुलाब कशाने थांबतात' हा प्रश्न अपुरा पडतो. 'औषध थांबवल्यावर पुढच्या चार आठवड्यांत काय होते' हा खरा प्रश्न आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत फिडॅक्सोमायसिनने ८८.२ टक्के आणि व्हॅन्कोमायसिनने ८५.८ टक्के रुग्णांचे जुलाब थांबले, म्हणजे दोन्ही जवळजवळ बरोबरीची ठरली. नंतर आजार उलटण्याचे प्रमाण मात्र फिडॅक्सोमायसिन घेतलेल्यांत १५.४ टक्के आणि व्हॅन्कोमायसिन घेतलेल्यांत २५.३ टक्के होते. ज्यांचा आजार आधी एकदा उलटलेला होता अशा रुग्णांचा निराळा हिशेब २०१२ मध्ये मांडला गेला आणि त्यात २८ दिवसांच्या आत पुन्हा उलटण्याचे प्रमाण अनुक्रमे १९.७ व ३५.५ टक्के आढळले. या फरकाचे कारण औषधाच्या नेमकेपणात आहे. फिडॅक्सोमायसिन या जंतूवर अचूक जाते, आतड्यातील बॅक्टेरॉइडिससारख्या उपयोगी जिवाणूंना फारसे दुखावत नाही आणि जंतूची बीजाणू तयार करण्याची क्षमताही कमी करते. व्हॅन्कोमायसिन जंतूला मारते, पण आतड्यातली चांगली वस्तीही बरीच उठवते.

अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेने याच कारणासाठी २०२१ च्या सुधारित सूचनांत पहिल्या वेळेस आणि आजार उलटल्यावरही फिडॅक्सोमायसिनला पहिली पसंती दिली. त्याच सूचनांत व्हॅन्कोमायसिनचा उतरता कोर्स हाही मान्य पर्याय आहे, आणि खर्च परवडत नसेल तर तो पत्करण्यात कसलीही कमतरता मानू नये. त्याची रचना साधारण अशी असते : दहा ते चौदा दिवस रोज चार वेळा, पुढे एक आठवडा दोन वेळा, एक आठवडा एकदाच, आणि त्यानंतर दोन ते आठ आठवडे दर दोन किंवा तीन दिवसांनी एक डोस. तुम्ही विचारलेत की तेच औषध लांबवून काय साधणार. त्याचे उत्तर या शेवटच्या टप्प्यात आहे. मधल्या रिकाम्या दिवसांत उरलेले बीजाणू उगवतात आणि पुढच्या डोसाच्या तावडीत सापडतात, तर इतर जिवाणूंना त्याच दिवसांत पुन्हा मूळ धरायला थोडी उसंत मिळते. म्हणजे मागच्या वेळचे औषध तेच असले तरी ही मागचीच पद्धत नव्हे.

बहावा

एक शंका आहे. मेट्रोनिडाझोलने पहिल्या वेळी जुलाब थांबले होते. ते स्वस्त आहे, प्रत्येक दुकानात मिळते आणि आपल्याकडे अनेक वर्षे वापरात आहे. माझ्या काकांना एका डॉक्टरांनी तेच औषध महिनाभर चालू ठेवायला सांगितले होते. येथे त्याचा विचारच का होत नाही?

पळसफूल

प्रश्न रास्त आहे, कारण २०१७ पूर्वी सौम्य आजारात मेट्रोनिडाझोलनेच सुरुवात करत असत आणि मीही विद्यार्थ्यांना तसेच शिकवले आहे. ते मागे पडले त्याची दोन कारणे आहेत, आणि ताईंच्या वडिलांना दोन्ही लागू होतात.

पहिले कारण असे की मेट्रोनिडाझोल गोळीतून घेतले की बहुतेक सगळे वरच्या आतड्यातच रक्तात शोषले जाते. मोठ्या आतड्यात ते पोहोचते ते सुजलेल्या अस्तरातून पाझरून. सूज ओसरू लागली की हे पाझरणे कमी होते, म्हणजे रुग्ण सुधारत असतानाच औषधाचे शौचातील प्रमाण घटत जाते. व्हॅन्कोमायसिनचे नेमके उलट आहे : तोंडावाटे घेतले तर ते जवळजवळ शोषलेच जात नाही आणि सगळे आतड्यात राहते. म्हणूनच या आजारात शिरेतून दिलेल्या व्हॅन्कोमायसिनचा उपयोग होत नाही, कारण रक्तातून ते आतड्याच्या पोकळीत उतरत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांच्या एकत्रित निष्कर्षात व्हॅन्कोमायसिनने ८१.१ टक्के तर मेट्रोनिडाझोलने ७२.७ टक्के रुग्ण बरे झाले होते.

दुसरे कारण मज्जातंतूंचे. मेट्रोनिडाझोल लांबवले किंवा वारंवार दिले तर हातापायांच्या नसांना इजा होऊ शकते, आणि ती दर वेळी पूर्ण भरून येतेच असे नाही. बारा वर्षे मधुमेह असलेल्या माणसाच्या तळपायांना आधीच मुंग्या येत असतील तर हा धोका घेण्याचे कारण नाही. आजार उलटल्यावर मेट्रोनिडाझोलकडे परत जाऊ नये, ही आता रूढ भूमिका आहे. महिनाभर तर नाहीच.

सक्करदरा

आमच्या सासूबाईंचा आजार दोन वर्षांपूर्वी असाच दोनदा उलटला होता आणि त्यांनी व्हॅन्कोमायसिनचा उतरता कोर्स नऊ आठवडे घेतला. त्या बऱ्या झाल्या आणि आजतागायत त्यांना हा त्रास नाही. एका रुग्णावरून नियम ठरत नाही हे मला माहीत आहे, म्हणून घरात प्रत्यक्ष काय करावे लागते तेवढेच लिहिते.

आम्हाला कॅप्सूल महाग पडत होत्या, तेव्हा डॉक्टरांनी इंजेक्शनची ५०० मिलिग्रॅमची कुपी तोंडावाटे देण्याची चिठ्ठी लिहून दिली. कुपीत १० मिलिलिटर पाणी घालून पावडर पूर्ण विरघळवायची आणि सुई नसलेल्या सिरिंजने अडीच मिलिलिटर काढून थोड्या पाण्यात मिसळून द्यायचे, असे परिचारिकेने समोर बसवून दाखवले. एका कुपीत दिवसाचे चार डोस बरोबर बसत. चव फार कडू लागते, म्हणून त्या डोळे मिटून एका घोटात पीत आणि वर खडीसाखर तोंडात ठेवत. कुपीवर चिकटपट्टी लावून उघडल्याची तारीख व वेळ लिहिली जाई आणि ती फ्रिजच्या दारात नाही, तर आतल्या वरच्या कप्प्यात वेगळ्या डब्यात ठेवली जाई, कारण लहान मुले दार सारखी उघडत.

सर्वात अवघड गेला तो तीन दिवसांतून एकदा डोस देण्याचा टप्पा. रोजचे औषध विसरत नाही, परंतु माणूस बरा दिसत असताना गुरुवारी द्यायचा आणि मग थेट रविवारी, हे लक्षात राहत नाही. आम्ही भिंतीवरच्या कालनिर्णयवर पूर्ण नऊ आठवड्यांचे गोल पहिल्याच दिवशी लाल पेनने काढून ठेवले आणि डोस दिला की गोलात बरोबरची खूण करायची असे ठरवले. तुमची रेघांची वही आहेच, ताई. तिच्यातच दुसऱ्या बाजूला हे लिहून ठेवता येईल.

आणखी एक चूक आमच्याकडून झाली ती सांगते. त्या बऱ्या झाल्यावर खात्रीसाठी म्हणून आम्ही स्वतःहून प्रयोगशाळेत नमुना नेऊन दिला आणि पीसीआर पॉझिटिव्ह आले. घरात दोन दिवस कोणी नीट जेवले नाही. शौच बांधून येत असताना ही तपासणी करायचीच नसते, असे नंतर डॉक्टरांनी समजावले.

पळसफूल

सक्करदरा यांचा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. जंतूचे जनुक पकडणारी पीसीआर तपासणी रुग्ण पूर्ण बरा झाल्यावरही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह राहू शकते, कारण तिला जंतूचे अस्तित्व कळते, तो विष तयार करतो आहे की नाही हे कळत नाही. चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ शौच होत असेल तरच नमुना द्यावा. याची दुसरी बाजूही आहे. या आजारानंतर काही जणांचे आतडे काही महिने चिडके राहते, जेवणानंतर एक-दोनदा घाईने जावे लागते, आणि तो उलटलेला आजार समजून पुन्हा प्रतिजैविक दिले जाते. ताई, या वेळी पुन्हा औषध सुरू करण्यापूर्वी टॉक्सिनची तपासणी झाली का, एवढे तज्ज्ञांना विचारा.

वडील आम्लपित्ताची पॅन्टोप्राझोलसारखी गोळी घेतात का? रुग्णालयातून घरी सोडताना ती बहुधा लिहिलेली असते आणि मग वर्षानुवर्षे कोणी बंद करत नाही. या गोळ्यांचा आणि या संसर्गाचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. तीच कारणीभूत असे म्हणता येणार नाही, पण तिची गरज उरली आहे का हे विचारायला हवे. जुलाब बंद करणारी लोपरामाइडची गोळी स्वतःहून देऊ नका. दही-ताक पचत असेल तर अवश्य द्या, अन्न म्हणून ते उत्तमच आहे, मात्र दह्याने किंवा प्रोबायोटिकच्या पुड्यांनी आजार उलटणे टळते असे म्हणण्याइतका भक्कम पुरावा नाही.

इतवारी_औषधे

माझे औषधांचे काम आहे, म्हणून खर्चाच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो. फिडॅक्सोमायसिनचा नेहमीचा कोर्स म्हणजे २०० मिलिग्रॅमची एक गोळी दिवसातून दोनदा, दहा दिवस. एकूण वीस गोळ्या. त्याच वीस गोळ्या लांबवून देण्याचीही पद्धत आहे : पहिले पाच दिवस रोज दोन, आणि सातव्या दिवसापासून पंचविसाव्या दिवसापर्यंत एक दिवसाआड एक. गोळ्या तेवढ्याच लागतात, म्हणजे खर्च वाढत नाही. ६० वर्षांवरील रुग्णांत या पद्धतीची व्हॅन्कोमायसिनच्या नेहमीच्या दहा दिवसांच्या कोर्सशी तुलना झाली आणि उपचारानंतर तीस दिवसांनीही बरे राहिलेल्यांचे प्रमाण ७० विरुद्ध ५९ टक्के असे आढळले. वडिलांचे वय पाहता तज्ज्ञांना याबद्दल जरूर विचारा.

दुसरे असे की कोणतेही महाग औषध चार-चार गोळ्यांनी विकत घेऊन सुरू करू नका. कोर्स मध्येच तुटला तर पैसेही गेले आणि उपचारही. आधी पूर्ण वीस गोळ्या हातात येण्याची लेखी हमी विक्रेत्याकडून घ्या, पाकिटावरची मुदत पाहा आणि पावती सांभाळून ठेवा. तोपर्यंत चालू असलेले व्हॅन्कोमायसिन थांबवू नका. तुलना करताना उतरत्या कोर्सचा खर्चही पूर्ण मोजा. त्यात पहिल्या दोन आठवड्यांतच ५६ डोस आणि पुढच्या दोन आठवड्यांत २१ डोस होतात. वडिलांना एरिथ्रोमायसिन किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिनची अ‍ॅलर्जी कधी आली असेल तर ते आठवणीने सांगा, कारण फिडॅक्सोमायसिन त्याच घराण्यातले आहे.

अंबाझरीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांच्या बाजूला बसून त्यांना हे सगळे मोठ्याने वाचून दाखवले. तण आणि बियांचा दाखला त्यांना लगेच पटला. आमची काटोलकडे थोडी शेती होती. पॅन्टोप्राझोल ते दोन वर्षांपासून रोज सकाळी घेत आहेत आणि ते कोणी व कशासाठी सुरू केले हे घरात कोणालाच सांगता आले नाही. तळपायांना मुंग्याही येतात, मी ते मेट्रोनिडाझोलशी कधी जोडले नव्हते.

दोन गोष्टी आणखी विचारते. घरात चार वर्षांचा माझा मुलगा आहे, त्याला धोका किती? आणि हाही उपाय चालला नाही तर पुढे काही उरते का?

पळसफूल

लहान निरोगी मुलाला धोका कमी असतो, तरी स्वच्छता काटेकोर पाळा. बीजाणू अल्कोहोलच्या सॅनिटायझरने मरत नाहीत. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात चोळून धुतले की ते निघून जातात, एवढा साधा उपाय आहे. शक्य असेल तर बाबांसाठी एक शौचालय वेगळे ठेवा. बैठक, नळाची तोटी, फ्लशची कळ आणि दाराची कडी रोज ब्लीचच्या द्रावणाने पुसा. फिनेलवर विसंबू नका.

पुढे उपाय उरतो, आणि तो चांगला आहे. निरोगी दात्याच्या शौचातील जिवाणूंचे रुग्णाच्या आतड्यात रोपण करतात. ऐकताना विचित्र वाटते, पण शेत मोकळे न ठेवता त्यात पीक उभे करण्याचाच हा मार्ग आहे. नेदरलँड्समधील २०१३ च्या चाचणीत एकाच रोपणाने ८१ टक्के रुग्ण बरे झाले आणि केवळ व्हॅन्कोमायसिनने ३१ टक्के; फरक इतका ठळक होता की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. आजार किमान दोनदा उलटून योग्य उपचार झाल्यावर हा पर्याय विचारात घेतात, म्हणजे तुम्ही आताच त्या उंबरठ्यावर आहात. लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजात अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याला सूज व व्रण येणाऱ्या आजारासाठी या पद्धतीवर बरेच काम झाले आहे, तेव्हा भारतात ती अनोळखी नाही. दात्याची कसून तपासणी करणाऱ्या केंद्रातच ती करावी. घरगुती प्रयोग कदापि करू नये.

या दिवसांत ताप चढला, पोट फुगून कडक झाले, लघवी कमी झाली, किंवा जुलाब अचानक थांबून पोटदुखी मात्र वाढली, तर सोमवारची वाट न पाहता त्यांना तातडीने रुग्णालयात न्या. जुलाब थांबणे हे अशा वेळी सुधारणेचे लक्षण नसते. पांढऱ्या पेशी १५,००० किंवा त्याहून अधिक असणे, किंवा मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन १.५ च्या वर जाणे, ही आजार तीव्र झाल्याची खूण आहे. या दोन तपासण्या अजून झाल्या नसतील तर उद्याच करून घ्या. नागपूरचा उन्हाळा सुरू झाला आहे, तेव्हा प्रत्येक जुलाबानंतर ओआरएस द्या आणि पाकिटावर लिहिले आहे तेवढ्याच पाण्यात ते कालवा. मधुमेह आहे म्हणून ओआरएस टाळू नका. साखर घरी मोजत राहा.

अंबाझरीकाठ

आज तज्ज्ञांना भेटून आलो. पांढऱ्या पेशी ११,२०० आणि क्रिएटिनिन १.१ आहे. टॉक्सिनची तपासणी या वेळी राहून गेली होती हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. व्हॅन्कोमायसिन सुरू झाल्यानंतर आता नमुन्याचा भरवसा नाही, मात्र दिवसाला सात जुलाब आणि पोटात मुरडा ही लक्षणे आधीच्या दोन वेळांसारखीच असल्याने आजार उलटला असेच ते धरतात. पॅन्टोप्राझोल बंद केले. लांबवलेल्या वीस गोळ्यांची पद्धत त्यांना मान्य आहे. भावाने निम्मा खर्च उचलला, आणि विक्रेत्याने गुरुवारपर्यंत पूर्ण वीस गोळ्या देण्याचे लेखी कबूल केले आहे; तोपर्यंत व्हॅन्कोमायसिन चालू राहील. बाबांच्या पाकिटात मी एक चिठ्ठी ठेवली आहे, त्यात या आजाराचे नाव आणि तारखा लिहून खाली लिहिले आहे की कोणतेही प्रतिजैविक देण्यापूर्वी, दाताच्या दवाखान्यातसुद्धा, ही चिठ्ठी वाचावी. आज वहीत चार रेघा आहेत.